सगळंच काय पाण्यानं होत नसतं: सोलापुरातल्या एका स्किन क्लिनिकचा आमच्या घरादाराचा अनुभव

आधीच सांगते, क्लिनिकचं नाव लिहिणार नाही, कारण खाली थोड्या तक्रारी पण केल्यात आणि मॅडमकडं आमच्या अजून दोन-तीन चकरा बाकी आहेत. तरी वाचा, कारण कुठल्याही स्किनच्या डॉक्टरकडं गेलात तरी त्यांनी काय बघायला पाहिजे आणि काय विचारायला पाहिजे हे मला या पाच महिन्यांत लई चांगलं कळलंय. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते येईलच पुढं.

तर आमच्या घरात एक गोष्ट ठरलेली आहे. केस गळले, पाण्यानं. अंगाला खाज सुटली, पाण्यानं. पोराच्या डोक्यात काय झालं, पाण्यानं. सासूबाईंचं हे पेटंट वाक्य आणि खरं सांगायचं तर मला पण ते पटायचं, कारण सोलापुरात पाण्याला शिव्या घालायला कारण लागत नाही, उजनीचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर, आणि बोअरचं पाणी असलं जड की बादलीला आतनं पांढरा थर चढतो आणि साबणाला फेस येत नाही. मग केसांचं काय होत असेल, असं कुणालाही वाटणारच की.

मला सप्टेंबरमध्ये डेंगू झाला होता. आठ दिवस ॲडमिट, प्लेटलेट खाली, ते सगळं. बरी झाले आणि विसरले पण. डिसेंबर लागला आणि केस असे गळायला लागले की कंगव्यात गुच्छ, उशीवर केस, बाथरूमच्या जाळीवर केस, पोळीत केस आला म्हणून ह्यांनी ताट सरकवलं तेव्हा मला रडूच आलं. मी शिलाईचं काम करते, शाळेचे युनिफॉर्म, तर मशीनवर पांढऱ्या शर्टाच्या कापडावर माझे काळे केस दिसायचे आणि बरोबरच्या बायका न बोलता उचलून टाकायच्या. ते न बोलणंच जास्त लागायचं.

मग काय, सगळ्यांचे सल्ले. कांद्याचा रस लावला. शॉवरला फिल्टर बसवला, बाराशे रुपये. बायोटिनच्या गोळ्या, त्या जेलीसारख्या गोड असतात त्या, महिनाभर खाल्ल्या. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या वेळेला, जानेवारीत, एका चकचकीत हेअर क्लिनिकमध्ये गेले, नाव नाही घेत, तिथं एका पोरीनं माझं डोकं लांबनंच बघितलं, टॅबवर फोटो काढला आणि सांगितलं की सहा सिटिंगचं पीआरपी पॅकेज घ्या, म्हणजे आपलंच रक्त काढून त्यातला भाग डोक्यात टोचतात ते, आज बुक केलं तर डिस्काउंट. एक प्रश्न विचारला नाही. आजारी होता का, पाळी कशी आहे, जेवता काय, काही नाही. मी म्हणलं ह्यांना विचारून सांगते आणि पळाले.

मग आमच्या शिलाई सेंटरमधल्या एका बाईनं हे क्लिनिक सांगितलं. फोन केला तर समोरच्या मुलीनं सांगितलं की येताना डोक्याला तेल लावू नका, आदल्या दिवशी डोकं धुऊ नका, आणि आत्तापर्यंत जे जे लावलंय खाल्लंय त्याच्या ट्यूब, बाटल्या, सगळं पिशवीत घालून आणा. तिथंच मला वाटलं, ही जागा जरा वेगळी दिसतीय. मी म्हणलं घरातले तिघं दाखवायचे आहेत, म्हणजे मी, आमचे हे आणि धाकटा, तर म्हणाली तीन नंबर लागतील. तीन नंबर म्हणजे तीन फी, पाचशे-पाचशे. घरी यावर चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, पंधराशे रुपयात पाण्याचा एक टँकर येतोय की.

वेटिंगचं बोलते आता. साडेअकराची वेळ दिली आणि आत घेतलं पावणेदोनला. खुर्च्या बारा आणि माणसं चाळीस. पंखा एक. पार्किंग नाही, गाडी गल्लीत लावली तर समोरच्या दुकानवाल्याशी भांडण. बाहेर बसून बुलढाण्याच्या बातम्यांची चर्चा ऐकली, तुम्हाला आठवत असेल, २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस चार दिवसांत हातात यायला लागले, टक्कल पडलं. बाजूचे काका ठामपणे सांगत होते की ते पाण्यानंच. तिथं पण पहिला संशय पाण्यावर आणि बुरशीवरच गेला होता, पाण्याचे नमुने घेतले, लोकांच्या डोक्याच्या कातडीचे नमुने घेतले, आणि नंतर डॉ. हिंमतराव बावस्करांनी, विंचूदंशावर काम केलेले ते महाडचे, सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त आहे. गहू! कुणाच्या डोक्यात तरी आलं असतं का. काकांना सांगायचं होतं मला, पण तेवढ्यात नंबर आला.

आत गेलो तिघं एकदमच, सासूबाई बाहेर. मॅडम चाळिशीच्या असतील, आवाज मोठा, हसत नाहीत फार. माझ्यापासून सुरू केलं. पहिलाच प्रश्न, केस गळायला लागायच्या दोन-तीन महिने आधी काय झालं होतं? म्हणलं काही नाही. परत विचारलं, ताप? ऑपरेशन? बाळंतपण? डाएट? तेव्हा मला डेंगू आठवला. मी डेंगूचा आणि केसांचा संबंध लावलाच नव्हता कारण मधे दोन महिने केस एकदम व्यवस्थित होते. मॅडम म्हणाल्या तोच तर यातला घोळ आहे, मोठा आजार झाला की शरीर केसांचं काम थांबवतं, लई केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी सगळे मिळून गळतात, त्यामुळं माणूस गळायला लागल्याच्या आठवड्यातलं कारण शोधत बसतो, नवा शॅम्पू, नवं पाणी, आणि खरं कारण मागं राहतं.

मग माझ्या केसांची एक बट धरली, पन्नास-साठ केस असतील, आणि मुळापासून टोकापर्यंत हलकं ओढत आणलं. तसं तीन-चार ठिकाणी केलं, आणि हातात आलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवून मोजले. दर वेळेला आठ-दहा. म्हणाल्या दोन-चार आले असते तर सोडून दिलं असतं. नंतर एक केस भिंगाखाली धरला, टोकाला पांढरा बारीक ठिपका. मी घाबरून म्हणलं, हे बघा मुळासकट निघालाय! तर म्हणाल्या, हे मूळ नव्हे, मूळ आतच राहतं, हा पिकून पडलेला केस आहे, पिकलेलं पान देठासकट पडतं तसा. जड पाण्यानं काय होतं तर केस कोरडे होतात, मधेच तुटतात, तुटलेल्या केसाला हा ठिपका नसतो. तुमचे तुटत नाहीयेत, गळतायत. म्हणजे माझा बाराशेचा फिल्टर गेला पाण्यात.

डोक्यावर ते लाइटवालं भिंग फिरवलं, पुढं, मधे, मागं, आणि मोबाइलच्या स्क्रीनवर मला पण दाखवलं. पुढचे केस आणि मागचे केस जाडीला सारखेच आहेत का ते बघत होत्या. वारशाचं टक्कल असतं त्यात भांगातले केस बारीक बारीक होत जातात, एक जाड एक बारीक असं मिसळ दिसतं, आणि त्याचा उपचार वेगळा आणि लई वर्षांचा. माझं तसं नव्हतं. मग रक्त लिहून दिलं, सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे लोखंडाचा साठा, टीएसएच म्हणजे थायरॉइड, आणि व्हिटॅमिन डी, बी-१२. आणि पिशवीतली बायोटिनची बाटली उचलून म्हणाल्या, ही आजपासून बंद, रक्त तीन दिवसांनी द्या, कारण बायोटिन पोटात असलं की थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, मेडिकलवाल्यानं तर दोन बाटल्यांवर एक फ्री दिली होती.

रिपोर्टमध्ये थायरॉइड बरोबर, हिमोग्लोबिन १०.८ आणि फेरिटिन ९, म्हणजे लोखंडाचा साठा संपलेला. पाळीला जास्त जातं का विचारलं, हो म्हणलं. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं चहाबरोबर नाही, चहाच्या आधी-नंतर तासभर नाही, लिंबू पिळून काहीतरी खा त्याबरोबर. आणि पाळीसाठी बायकांच्या डॉक्टरला दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. डोक्याला लावायला काही नाही! मी विचारलं तेल, सिरम, काहीतरी द्या की. म्हणाल्या तुम्हाला समाधान पाहिजे असेल तर खोबरेल लावा. रोज पन्नास ते शंभर केस पडणं हे कुणाचंही असतं, मोजत बसू नका, तीन महिन्यांनी गळणं कमी होईल, भरायला सहा महिने तरी धरा.

आता धाकटा. सात वर्षांचा. डोक्यात मागच्या बाजूला रुपयाएवढा चट्टा, केस गेलेले. शेजारणीनं बघितल्या बघितल्या सांगितलं चाई आहे, लसूण चोळा. चोळला, पोरानं घर डोक्यावर घेतलं. मॅडमनी भिंग लावलं आणि मला जवळ बोलावून दाखवलं, चाई असेल तर तिथली कातडी गुळगुळीत असते, खपली नसते. इथं बघा, पांढरी खपली आहे, केस कातडीलगत तुटलेत, काळे ठिपके दिसतात. मग विचारलं, घरात मांजर आहे का? आहे म्हणलं, म्हणजे घरात नाही, गिरणीवाल्यांच्या आवारात आहे, हा उचलून फिरतो. मग लाइट बंद केले, पडदा ओढला आणि निळा जांभळा दिवा पोराच्या डोक्यावर धरला. पोरगं खुश, जादू आहे म्हणून. मांजराकडनं येते ती बुरशी त्या दिव्याखाली हिरवी चमकते म्हणे. ह्याचं काही चमकलं नाही. मी म्हणलं चला सुटलो. तर म्हणाल्या, थांबा, आपल्याकडं पोरांच्या डोक्यात जी जास्त सापडते ती मुळात चमकतच नाही. दिवा चमकला तर बातमी, नाही चमकला तर काहीच सिद्ध होत नाही.

पुढचं मला लई आवडलं. बोथट पात्यानं खपली काचपट्टीवर खरडून घेतली, दोन-तीन तुटके केस चिमट्यानं काढले, त्यावर केओएच नावाच्या, खपली विरघळवणाऱ्या औषधाचा थेंब, आणि बाजूच्या खोलीत मायक्रोस्कोप. अर्ध्या तासानं बोलावलं आणि आयपीसमधनं बघायला दिलं. आधी काही कळेना, नुसते तुकडे तुकडे. मग त्यांनी बोटानं चाक फिरवलं आणि दिसलं, केसाच्या आत बारीक गोल गोल दाणे भरलेले आणि खपलीत सुतासारखे धागे, फाटे फुटलेले. आम्ही सुतातली माणसं, माझे वडील जन्मभर मागावर होते, तर धागा दिसला की ओळखू येतो. नायटा. डोक्यातला नायटा.

आणि डोक्यातला नायटा मलमानं जात नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात बसलेली असते, तिथपर्यंत मलम पोचत नाही, पोटातनंच औषध द्यावं लागतं. ग्रिसिओफल्विन लिहून दिलं, वजनावरनं, दुधाबरोबर नाहीतर तुपातल्या घासाबरोबर, कारण ते स्निग्ध खाल्लं तरच अंगी लागतं, आणि कमीत कमी सहा ते आठ आठवडे. बुरशीचा शॅम्पू आठवड्यातनं दोनदा, पोराला आणि घरातल्या सगळ्यांनाच, पसरू नये म्हणून. कंगवा, टोपी वेगळी. टक्कल करायची गरज नाही हे मी तीनदा विचारून घेतलं, कारण सासूबाई वस्तरा मागवून बसल्या होत्या.

आता ह्यांचं, आणि इथं माझा आवाज जरा चढणार आहे. हे अक्कलकोट रोडला टॉवेलच्या प्रोसेसिंगमध्ये आहेत, तिथं वाफ, घाम, आणि वर आपला एप्रिल-मे. गेल्या उन्हाळ्यापासून जांघेत आणि कमरेला खाज. मेडिकलमधनं ट्यूब आणायची, चाळीस रुपयाला, लावली की तीन दिवसांत लाली गायब, पंधरा दिवसांनी दुप्पट. वर्षात सोळा-सतरा ट्यूबा झाल्या असतील. मला सांगितलं पण नव्हतं, बनियनच्या कप्प्यात लपवलेल्या असायच्या. मॅडमनी पिशवीतली ट्यूब घेतली, मागचं बारीक अक्षर मला वाचायला लावलं. क्लोबेटासॉल, एक अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, तिन्ही एकात. क्लोबेटासॉल म्हणजे स्टिरॉइड, ते पण सगळ्यात कडक जातीचं. ते खाज आणि लाली दाबतं, माणसाला वाटतं बरं झालं, आणि खाली बुरशी मजेत पसरते. वर त्याच ट्यूबवर लिहिलेलं असतं की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. वाचतं कोण. विकणारा पण नाही आणि घेणारा पण नाही.

नेहमीचा नायटा कसा गोल, कड लाल, मधे साफ असा असतो. ह्यांचा तसा राहिलाच नव्हता, गोलात गोल, कड पुसट, कुठं काळं कुठं लाल, आणि मांडीला आतनं पांढरट वळ पडलेले, बाळंतीण बाईच्या पोटावर असतात तसे. ते वळ स्टिरॉइडचे. फिकट होतील, जायचे नाहीत. हे गप्पच झाले. मी पण काही बोलले नाही तेव्हा. घरी आल्यावर बोलले.

त्यांची पण खपली खरडली, परत तेच धागे. मॅडम म्हणाल्या आधी दोन आठवड्यांच्या गोळ्यांत जायचं, आता तसं राहिलं नाही, जी जात आपल्याकडं पसरलीय तिला २०२० मध्ये नावच मिळालं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, म्हणजे नावात आपला देश, आणि बुरशीच्या नेहमीच्या गोळीला, टर्बिनाफिनला, ती बऱ्याचदा जुमानत नाही. म्हणून इट्राकोनॅझोल, तेही आठवडेच्या आठवडे. आणि विचारलं, दुसरी कुठली गोळी रोज चालू आहे का? हे म्हणाले नाही. मी म्हणलं आहे की, ॲसिडिटीची, रोज सकाळी, शेंगाचटणी आणि कडक भाकरी सुटत नाही आणि वरनं कॅप्सूल. तर ती कॅप्सूल चालू ठेवली असती तर इट्राकोनॅझोल अंगी लागलंच नसतं, त्याला पोटात आम्ल लागतं. म्हणजे महागाची गोळी खाऊन पण गुण नाही आणि शिव्या डॉक्टरला. बायको बरोबर न्यावी ती यासाठी.

ह्यांना मलम कसं लावायचं ते पण दाखवलं, चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावत जायचं आणि दिसायचं बंद झालं तरी निदान दोन आठवडे चालू ठेवायचं. आणि आधीच सांगून ठेवलं की स्टिरॉइड बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात खाज वाढेल, घाबरून परत ती ट्यूब आणू नका. वाढली. चौथ्या रात्री हे उठून बसले होते. नाही आणली.

मग एक प्रश्न विचारला आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसलो. घरात टॉवेल किती आहेत? अहो आम्ही टॉवेलच्या गावातले, हे टॉवेलच्या कारखान्यात, कपाटात नवे कोरे चौदा टॉवेल पाहुण्यांसाठी, आणि घरात वापरात दोन. एक बाथरूममधला, तो सगळ्यांचा, आणि एक वाळत घातलेला. पाणी चार दिवसांनी येतं म्हणून ओल्या कपड्यांचा ढीग पण चार दिवस तसाच कोपऱ्यात. म्हणजे पाण्याचा संबंध होता बघा, पण असा. आता ज्याचा त्याचा टॉवेल, ज्याची त्याची खुंटी, ह्यांचे कपडे वेगळे, गरम पाण्यात, उलटे करून उन्हात. ऊन तरी आपल्याकडं फुकट आहे.

तक्रारी सांगायच्या राहिल्या. ह्यांची तपासणी चालू असताना रिसेप्शनवाली मुलगी दोनदा दार उघडून आत आली, फाइल ठेवायला, ह्यांनी पँट सावरेपर्यंत बाहेरच्या चाळीस लोकांनी काय काय बघितलं देव जाणे. एक साधा पडदा लावा हो. दुसरं, क्लिनिकच्या खालच्याच मेडिकलमध्ये शॅम्पू चारशे साठचा, बाहेर त्याच औषधाचा दुसऱ्या कंपनीचा एकशे ऐंशीला मिळाला, मॅडमना विचारलं तर चालेल म्हणाल्या, पण विचारलं म्हणून म्हणाल्या. तिसरं, फॉलोअपला पण फी अर्धी लागते, पंधरा दिवसांच्या आत गेलात तरी. तिघांचं सगळं मिळून, रक्त, औषधं, फी, आत्तापर्यंत अकरा हजारांच्या पुढं गेलंय. ज्यांना एवढं जमत नाही त्यांनी सिव्हिलला जावं, तिथं मेडिकल कॉलेज आहे, स्किनची ओपीडी आहे, रांग तर इथं पण आहेच. फक्त ट्यूबा घेऊन जा बरोबर.

आजची परिस्थिती अशी की माझे केस कंगव्यात येतात पण गुच्छ नाही, आणि कपाळावर बारीक बारीक नवीन केस उभे राहिलेत, अँटेनासारखे, त्यांना पिन लावावी लागते. पोराचं चार आठवड्यांनी परत खरडून बघितलं तर थोडे धागे शिल्लक होते म्हणून औषध वाढवलं, आता साफ आहे, केस पण आले. ह्यांचं कमरेचं गेलं, जांघेतलं जवळजवळ गेलं होतं आणि मे महिन्यात परत एक चट्टा उठला.

तेव्हा मॅडम जरा चिडल्या. घरात अजून कुणाला आहे, शोधा, कुठून तरी परत येतंय. म्हणलं कुणाला नाही. नखं बघा म्हणाल्या, पायाची, म्हाताऱ्या माणसांची आधी. घरी येऊन सासूबाईंच्या पायाचा अंगठा बघितला. पिवळा, जाड, खालनं भुसा निघतो असा. दहा वर्षं झाली म्हणाल्या. विचारलं कशानं झालं हो हे, आधी दाखवलं का नाही?

"दाखवायचं काय त्यात, पाण्यानं झालंय."

शनिवारचा नंबर घेतलाय त्यांचा. चौदावा आहे, म्हणजे दोन तरी वाजणार. त्यांनी नको म्हणलं होतं, पण आज सकाळी अंगठा धुऊन, घासून, त्यावर खोबरेल लावून बसल्या होत्या. मी परत धुवायला लावला.